दोन हंडे पाणी

मार्गशीर्षातला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या पूजेचे हार बाजारात द्यायचे म्हणून मी आणि माझी बायको भागा पहाटे ओसरीवर बसून शेवंती ओवत होतो. मखमलाबादच्या पुढं आमचा फुलांचा मळा आहे. हार ओवताना आम्हाला घड्याळ लागत नाही. आमच्या हाराला एकशे आठ फुलं, आणि एक हार म्हणजे पाव तास. भागाचा हात माझ्यापेक्षा चालू. माझा एक होईस्तोवर तिचा दुसरा निम्मा व्हायचा. त्या दिवशी माझा पुरा झाला तरी तिचा अर्ध्यावरच होता.

"अहो, ह्या हाताला मुंग्या आल्यात," ती म्हणाली. "बोटात सुई हाय का नाय तेच कळंना."

"थंडी हाय. चोळ जरा," मी म्हणालो.

तिनं हात चोळला, हार पुरा केला आणि चहा टाकला. आम्ही दोघांनी बरोबर घेतलेला तो शेवटचा चहा. संध्याकाळी तिला पाण्याचा पेला तोंडापाशी नेता येईना.

मुंग्या आलेला हात उजवा. दसऱ्याच्या आसपास आमच्या गाईनं खाणं सोडलं होतं. तोंडातनं लाळ गळायची, आवाज बसका, पाणी गिळता येईना. मला वाटलं, मक्याचं कणीस अडकलं असंल घशात. मी दोन्ही हातांनी जबडा धरला आणि भागानं आत उजवा हात घातला, कारण तिचा हात लहान. कणीस नव्हतं. दात लागून मनगटावर ओरखडा आला, त्याला तिनं हळद लावली. तिसऱ्या दिवशी गाय मेली. शेजारचा म्हणाला, वहिनींना दवाखान्यात दाखवून घ्या. मी म्हणालो, "गाय काय कुत्रं हाय का?"

भागा गेल्यावर सरकारी दवाखान्यात घरातल्या सगळ्यांना सुया द्यायला बोलावलं. पोरगा, सून, गडी, सगळ्यांनी घेतल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाकावरनं उठलो, बाहेर येऊन चहाच्या गाडीवर उभा राहिलो आणि तसाच घरी आलो. पोराला सांगितलं, घेतली. ज्यानं ती गेली त्यानंच जायचं असलं तर जाऊ, असं मनात होतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढं पेठच्या डोंगरात जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही. मी चौथी शिकलेलो माणूस. तिकडं जाऊन आलो, आणि आमच्या भागातलं फारसं कुणी तिकडं जात नाही, म्हणून लिहितो.

सावळघाट

जाण्याचं कारण एक लुगडं. पेठच्या पलीकडच्या बोरपाड्यावरनं जानकी नावाची बाई दर हिवाळ्यात द्राक्षाच्या कामाला आमच्याकडं यायची. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. भागाला सख्खी बहीण नव्हती. तिनं जानकीला बहीण मानली आणि जानकी मला दाजी म्हणायला लागली. यंदा त्यांची टोळी दुसऱ्या गावाला कामाला गेली. भागा गेली तेव्हा मी फोनवर एवढंच सांगितलं, "तापानं गेली." पुढचं माझ्या तोंडातनं निघालं नाही.

बाई गेली की तिचं एक चांगलं लुगडं बहिणीला द्यायचं असतं. हिरवं, बारीक काठाचं, भागानं एकदाच नेसलेलं, ते ट्रंकेत तसंच होतं. सून म्हणाली, शिमग्याला जानकीमावशी त्यांच्या पाड्यावर परततील, कुणाबरोबर तरी पाठवू. मी म्हणालो, "कुणाबरोबर म्हंजे? मी काय मेलो का?" पिशवीत लुगडं घेतलं, अंघोळीचा नवा साबण घेतला, झेंडूचं बी पुडीत बांधलं आणि सकाळची एसटी धरली.

सावळघाट लागला की आमचा नाशिकचा मुलूख संपतो. आमच्याकडं फाल्गुनातही पाईप सोडला की वाफ्यात पाणी. तिथं डोंगर भाजून काढल्यासारखे, पानं गळलेली, मधेच एखादा पळस लालभडक. वळणावळणावर बाया डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन चाललेल्या, आणि विहीर काही दिसत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, पाणी कुठंय? त्यानं हनुवटीनं खालची दरी दाखवली.

आणखी एक बघितलं. तिकडं मोठ्या आवाजात कुणी बोलत नाही. आमच्याकडं भाजीचा भाव विचारला तरी भांडण चाललंय असं वाटतं. एसटीत सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

मासळीच्या वासाची जीप

पेठला उतरलो तर पाड्याकडची जीप भरून निघून गेलेली. दुसरी दुपारी. गुडघा धरून उभा होतो, तेवढ्यात एक पांढरी गाडी थांबली. आत एक पोरगेल्या वयाची बाई आणि ड्रायव्हर. "काका, बोरपाड्याला का? बसा."

बसलो आणि नाक मुरडलं. मागं थंड डबे, आणि सगळ्या गाडीला सुकटीचा वास.

"बाई, बोंबील कुठं विकता एवढे?"

ती हसली. "बोंबील नाहीत काका. मी जनावरांची डॉक्टर. कुत्र्या-कोल्ह्यांसाठी लस आहे ही. मासळीच्या वासाची वडी, तिच्या आत औषधाची पुडी. जनावर वडी चावतं, पुडी फुटते, औषध तोंडाला लागतं. ह्या भागात करून बघतोय."

"कशाची लस?"

"पिसाळण्याची."

मी खिडकीबाहेर बघितलं. मग विचारलं, "औषध म्हंजे काय घातलंय त्यात?"

"त्याच रोगाचा विषाणू. जिवंत, पण लंगडा केलेला."

"जिवंत?" माझा आवाज चढला. "जिवंत रोग रानात टाकत फिरता? माणसाला लागला मग?"

ड्रायव्हरनं आरशातनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरीणबाई रागावली नाही. म्हणाली, "वडीला नुसता हात लागला तर काही होत नाही, हात धुवायचे. पुडी फुटून औषध तोंडात, डोळ्यात किंवा ताज्या जखमेत गेलं, तर मात्र आम्ही नशिबावर सोडत नाही. साबण आणि वाहतं पाणी, पाव तास. मग लगेच दवाखाना. पोटुशी बाई असेल, किंवा आजारानं अंगातली ताकद गेलेलं माणूस असेल, तर जास्तच जपायचं."

"म्हंजे धोका हाय."

"थोडा आहे."

"थोडा म्हंजे नाय असं नाय."

"नाही असं नाही," ती म्हणाली. "बरोबर बोललात."

खोटं बोलली नाही, हे मला बरं वाटलं. तरी म्हणालो, "मग सुईनं द्या की सरळ."

"कोल्हा धरून आणता का काका तुम्ही? मी देते सुई."

ड्रायव्हर एवढा हसला की गाडी खड्ड्यात गेली.

उतरताना तिनं फोन नंबरची चिठ्ठी दिली. तंबाखूच्या डबीत घातली. मनात म्हटलं, आपल्याला काय करायचीय.

बोरपाडा

पाडा म्हणजे वीस-पंचवीस घरं, कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, अंगणं अशी झाडलेली की चप्पल काढून चालावंसं वाटतं. शिमग्यासाठी मधल्या चौकात उंच बांबू आणून ठेवला होता. जानकी आदल्याच दिवशी कामावरनं घरी आली होती. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्याशी बसली आणि रडली. आमच्याकडं दुखवट्याला रडताना बाया नावं घेऊन बोलतात. ती नुसती हुंदके देत राहिली, मग तोंड पुसलं आणि विचारलं, "दाजी, पानी?"

मी लुगडं दिलं. तिनं ते हुंगलं, छातीशी धरलं आणि आत जाऊन फळीवर ठेवलं.

घरात तिचा लेक काशिनाथ आणि सून यमुना. काशिनाथ शिमग्याची लाकडं आणायला रानात गेला होता. यमुनाला सातवा महिना. पोट सांभाळत ती चुलीपुढं नागलीच्या भाकरी थापत होती. कोरा चहा आला, दूध नाही, पण गुळाचा आणि गवती चहा घातलेला. दोन कप प्यायलो.

"जेवून जायचं," जानकी म्हणाली. "तुमच्याकडं सुतकातनं उठलेल्याचं तोंड गोड करतात. आमच्या घरात मासळी घालतात. तवाच माणूस परत जेवाया लागतो."

"मासळी कुठली आता? बाजार नाय, नदीला पानी नाय."

"हाय. सकाळी गावली." तिनं हसून सांगितलं आणि बाहेर सरपण आणायला गेली. मी ओट्यावर भिंतीला टेकून बसलो. खुरासणीची चटणी, उडदाचं वरण आणि भाकरीचा वास येत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं झालं. आत यमुना पाट्यावर काहीतरी वाटत होती.

मग तो वास आला. जीपमधला.

उठून आत गेलो तोवर पाट्यावरनं फट्ट असा आवाज झाला आणि यमुना "थू, थू" करत मागं सरली. वरवंट्याखाली तपकिरी वडीचा चुरा होता आणि त्यातनं गुलाबी पाणी वाहत होतं. तिच्या हातावर, ओठांवर, हनुवटीवर तेच पाणी. शेजारी सुपात अजून तीन वड्या. वडीच्या कागदावर कुत्र्याचं चित्र आणि एका हातावर मारलेली फुली.

"कुठनं आनल्या ह्या?"

"सासूनं आनल्या," यमुना म्हणाली. "मोहाची फुलं येचाया गेली व्हती, झाडाखाली पडल्या व्हत्या. आत पुडी लागली. शेवयांच्या पाकिटात असती ना मसाल्याची, तसली वाटली."

"हात दाखव."

डाव्या अंगठ्यावर विळ्याचा ताजा काप. सकाळीच बसलेला. गुलाबी पाणी त्यात शिरलं होतं.

मला डोळ्यापुढं भागाचं मनगट दिसलं, हळद लावलेलं. मग पिशवीतला नवा साबण काढला, कागद दातानं फाडला आणि यमुनाला दारात बसवलं. कोपऱ्यात पाण्याचे दोन हंडे भरलेले होते. पहिला उचलून आणला आणि तिच्या हातावर धार धरली.

"चोळ. काप उघडून चोळ. थांबायचं नाय."

जानकी सरपण घेऊन आली आणि मोळी तिथंच टाकली. "दाजी, काय करताव? दोनच हंडे हायेत. झरा पार खाली हाय, सांजेला पुन्ना जावं लागंल."

"मी आनीन."

"तुमी? त्या गुडघ्यानं?"

"लोळत जाईन. तू आधी तिचं तोंड धू. चूळ भरू दे, गिळायचं नाय."

आता पाव तास कसा मोजायचा? घड्याळ कुणाकडंच नव्हतं, फोन काशिनाथबरोबर रानात. मी मनातच डोळ्यापुढं परडी ठेवली आणि हार ओवायला घेतला. एक फूल, दोन फुलं, तीन. मोठ्यानं मोजत होतो. वीसच्या पुढं गेल्यावर यमुनाला तेवढ्यातही हसू आलं.

"बाबा, जप करता का?"

"हार ओवतोय. हात चोळ."

साठाव्या फुलाला पहिला हंडा संपला. जानकीनं दुसरा आणून दिला. तिला अजून काही कळलेलं नव्हतं, फक्त माझा चेहरा दिसत होता. एकशे आठ झाली तेव्हा तळाशी लोटाभर पाणी राहिलं होतं. तेही ओतलं. अंगणात चिखल झाला आणि कोंबड्या त्यात टोचत बसल्या.

काशिनाथ

तोवर काशिनाथ आला. पाणी संपलेलं, बायको भिजलेली, आई घाबरलेली आणि पाहुणा ओला. मी डबीतली चिठ्ठी दिली आणि म्हणालो, "फोन लाव." तिथं फोनला रेंज फक्त एका आंब्याच्या झाडाखाली मिळते. तो तिथं गेला, आणि अर्ध्या तासात ती पांढरी गाडी आली. गाडीमागं सगळा पाडा.

डॉक्टरीणबाईनं अंगठा बघितला. "किती वेळ धुतलं?"

"एक हार," यमुना म्हणाली. बाईला कळलं नाही.

काशिनाथ हळू बोलणारा पोरगा, पण तो गाडीच्या दारापुढं आडवा झाला. "आमी काय उंदीर हाव? आमच्या रानात इख टाकताव तुमी?"

"वडीवर चित्र होतं की फुलीचं," ड्रायव्हर मधेच बोलला. "कुत्र्याचंपण."

त्यावर जानकी पुढं झाली. "माचिसवर घोडा असतो, तं माचिसमधी घोडा असतो का? मला वाटलं कंपनीचा छाप."

डॉक्टरीणबाईनं खाली बघितलं. "सभा घेतली तेव्हा तुमची माणसं कामाला गेलेली. परत आल्यावर घरोघर जायला हवं होतं. आमची चूक आहे. आता आधी ह्यांना पेठच्या दवाखान्यात नेऊ. सुया घ्याव्या लागतील."

"नीही," काशिनाथ म्हणाला. त्यांच्याकडं 'नाही'ला 'नीही' म्हणतात. "पोटुशीला सुई नीही देयाची. पोर जातं."

मागनं दोन-चार बायांनी होकार भरला. कुणी म्हणालं, भगताला दाखवा. कुणी म्हणालं, गाडीची काच फोडा. यमुना पोटावर हात ठेवून सासूकडं बघत होती, आणि सासू माझ्याकडं.

मी सकाळी जीपमधे डॉक्टरीणबाईशी भांडलो होतो, तेच भांडण आता पाडा करत होता. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती जी तिथं कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती मी तीन महिने दाबून ठेवली होती.

"जानके," मी म्हणालो. "भागा तापानं नाय गेली."

तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

"गाय पिसाळली व्हती. आमाला वाटलं घशात कनीस अडकलं. मी जबडा धरला, तिनं हात घातला. ओरखडा आला. शेजारी म्हनला दवाखान्यात न्या. मी म्हनलो, गाय काय कुत्रं हाय का. मीच म्हनलो. दोन महिन्यांनी हाताला मुंग्या आल्या. त्याच सांजेपासनं तिच्यापुढं पानी आनलं की घसा आवळायचा. तहान लागलेली, आन् पानी बघून वरडायची. वारा लागला तरी अंग आकसायचं. शुद्धीवर व्हती. मला वळखत व्हती. तीन दिवसांनी गेली."

मागच्या बाया ऐकायला पुढं सरल्या.

"ह्या वडीतला रोग लंगडा हाय. ह्या बाई म्हनतात धोका थोडा हाय. मला तेवढं शास्तर कळत नाय. पर धावणारा रोग मी बघितलाय. तो एकदा उठला की डॉक्टर नाय, भगत नाय, देव नाय. उठायच्या आधी सुई घेतली तरच हाय. वडी टाकल्याबद्दल ह्या बाईला उद्या काय बोलायचं ते बोला, मीपन बोलंन. आज गाडीची काच फोडू नका, त्याच गाडीत पोरीला न्यायचंय."

काशिनाथनं आईकडं बघितलं. जानकी रडली नाही. मग आत गेली, फळीवरचं हिरवं लुगडं काढून आणलं आणि यमुनाच्या खांद्यावर टाकलं.

"तुझं वल्लं झालंय. हे नेस. ऊठ."

पेठ

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं. डॉक्टरीणबाईनं त्याला वडी दाखवली, कागदावरचं वाचून दाखवलं. त्यानं कुणाला तरी फोन लावला, दोन-तीन प्रश्न विचारले. मग आमच्याकडं वळला.

"चांगलं धुतलंय, निम्मं काम झालं. तरी औषध कापात आणि तोंडात गेलंय, त्यामुळं सुया देणार. पोटुशी बाईला ही सुई चालते. बाळाला काही होत नाही. उलट न देणं धोक्याचं." हे त्यानं काशिनाथकडं बघून दोनदा सांगितलं. "आज पहिली. पुढच्या तारखा कागदावर लिहून देतो, एकही चुकवायची नाही."

यमुना खुर्चीत बसली. सिस्टरनं बाही वर केली. तेवढ्यात यमुनानं हात मागं घेतला आणि मला विचारलं,

"बाबा, गाय तुमी धरली व्हती ना? मंग तुमी घेतल्या का सुया?"

खोली लहान होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरी पोराला एका शब्दात फसवलं होतं. पण ही पोरगी भागाचं लुगडं नेसून बसली होती.

"नाय," मी म्हणालो.

"का?"

"नाय घेतल्या."

"मंग मला कशाला बोलताव?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि कधी, कसं, हात कुठं लागला ते सगळं विचारलं. मी सांगितलं, माझ्या बोटांना त्या वेळी काट्यांचे ओरखडे होते, गुलाबाच्या कामात ते असतातच, आणि लाळ कोपरापर्यंत आली होती. तो म्हणाला, "आजोबा, हा रोग कधीकधी फार उशिरा उठतो. पाच महिने झाले म्हणून सुटलात असं नाही. आजपण घेता येते."

"मग आधी मला टोचा," मी म्हणालो. "तिच्या देखत."

"तिची जखम ताजी आहे. आधी तिची."

यमुना मला म्हणाली, "शब्द द्या."

"दिला."

तिनं हात पुढं केला. सुई गेली तेव्हा काशिनाथनंच डोळे मिटले. कापाच्या भोवतीही एक औषध भरलं, त्याला ती कळवळली, पण हात हलवला नाही.

माझी बाही मी वर केलीच होती, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. घाटात मोटारसायकल घसरलेली दोन माणसं आणली होती, रक्तानं भरलेली. डॉक्टर आणि सिस्टर दोघं पळाले. आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे राहिलो. ऊन कलायला लागलं. पाड्याचा रस्ता वाईट, पोटुशीला अंधार पडायच्या आत पोचवायचं होतं. सिस्टर मधेच येऊन म्हणाली, "आजोबा, तुमचं आजचं आज असं नाही. सकाळी नऊला ओपीडीत या."

गाडीत यमुना एकदाच बोलली. "सकाळी याल ना तुमी? का नाशिकची गाडी धराल?"

"पानी आनायचं हाय तुमचं. दोन हंडे. ते सोडून कुठं जाऊ?"

"ते काशिनाथ आनंल," जानकी म्हणाली. "तुमी सुईचं बघा."

त्या संध्याकाळी मासळी नव्हती. उडदाचं वरण, नागलीची भाकरी, आणि जानकीनं माझ्या भाकरीवर वाकून तेल सोडलं. नागलीची भाकरी आमच्या बाजरीपेक्षा घट्ट, घशाला टेकते, पण पोटात बराच वेळ राहते. चार खाल्ल्या. जानकी समोर बसून बघत होती. म्हणाली, "मला फोनवर खरं सांगाया पायजे व्हतं दाजी."

"पायजे व्हतं."

"आता सांगितलंत." एवढंच बोलून तिनं पाचवी भाकरी वाढली.

सकाळ

पहिल्या जीपनं पेठला उतरलो तेव्हा आठही वाजले नव्हते. स्टँडवर नाशिकची एसटी उभी होती, दार उघडं, अर्धी रिकामी. कंडक्टर म्हणाला, "चला बाबा, नाशिक." मी त्याला वेळ विचारली आणि पुढं चालायला लागलो.

दवाखान्याचं दार बंद होतं. बाहेर बाकावर बसलो. नाशिकला असाच बाक होता. तिथं भिंतीला हिरवा रंग होता, इथं पिवळा. एक बाई झाडत होती, तिनं माझे पाय उचलायला लावले. नऊला खिडकी उघडली, केसपेपर काढला. नाव, वय, गाव. काय झालं, असं विचारल्यावर म्हणालो, "गाय पिसाळली होती. मी धरली होती." त्यानं लिहून घेतलं.

सिस्टरनं नाव पुकारलं. मी उठलो. उठल्यावर पाय सवयीनं दाराकडं वळले, ते वळवून आत नेले.

डावा हात पुढं केला. सुई एवढीशी होती. भागाच्या हार ओवायच्या सुईपेक्षा बारीक.

"पुढच्या सुया नाशिकला घ्या आजोबा," डॉक्टर म्हणाला. "घराजवळ पडेल. मी चिठ्ठी देतो."

"नाय. हिथंच घेईन."

"एवढा घाट चढून?"

"त्या पोरीची तारीख काल सुरू झाली, माझी आज. म्हंजे दर वेळेला तिची आदल्या दिवशी, माझी दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी येईन, तिला पाड्यावरनं घेऊन येईन, मुक्काम करीन, सकाळी माझी घेईन. ती आली नाय तर मला कळंल, आन् मी आलो नाय तर तिला."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि कागदावर तारखा लिहिल्या. मला अक्षरं लावायला वेळ लागतो. बाकावर बसून त्या सगळ्या तारखा वाचल्या, कागद तंबाखूच्या डबीत घातला, आणि बाजारातनं दोन साबण घेऊन पाड्याची जीप धरली. सुपातल्या तीन वड्या अजून डॉक्टरीणबाईकडं द्यायच्या होत्या, आणि मोहाखाली आणखी किती पडल्यात ते जानकीला दाखवायला लावायचं होतं.